द्राक्षाचा आजार

निरीक्षण

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर निळेबाबा चिमट्यात काचेची नळी धरून दिव्यावर तापवत होते. नळीत त्यांचं निळं तीर्थ, त्यात भक्ताच्या लघवीचे आठ थेंब. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटेसारखं लालभडक.

"निघाला! रोग निघाला!" बाबा गरजले. "किती वर्षांचा मधुमेह, साहेब?"

"बारा."

"बारा वर्षं दोन मिनिटांत बाहेर! आता सुई टोचणार?"

"छे!"

टाळ्यांचा कडकडाट. मागे एक कारकून हिरमुसून बसला होता. त्याची नळी जेमतेम हिरवी झाली होती. "तुमचं कधी काही धड होतं का?" बायको फणकारली.

अनुमान (लोकांचं)

ज्याची नळी लाल झाली तो शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा सख्खा थोरला भाऊ. बाबांच्या सांगण्यावरून चार दिवस इन्सुलिन बंद. ते बाईंना आजच कळलं, म्हणून त्या धावत आल्या होत्या. स्टेजवरून उतरून तो खुर्चीत बसला तेव्हा त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तोंडाला पिकल्या फळाचा वास येत होता.

"सुगंध येतोय ना?" वहिनी कौतुकानं म्हणाली. "देह शुद्ध झाला की येतो म्हणे."

तो वास बाईंना प्रयोगशाळेतल्या बाटलीमुळे ठाऊक होता. अ‍ॅसिटोन. कीटोन गट. इन्सुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळत सुटलं होतं, आणि त्यातून निघणारं आम्ल रक्तात साठत होतं.

"दादा, ऊठ. दवाखान्यात चल. आत्ता."

"गप गं. आधी बाबांना खोटं ठरवून दाखव, मग येतो."

कृती

बाई स्टेजवर चढल्या. "ही लघवीतली साखर ओळखायची जुनी चाचणी आहे. साखर जितकी जास्त, तितकी नळी लाल."

"साखर? ही घ्या!" बाबांनी चमचाभर साखर नव्या नळीत टाकून तापवली. निळी ती निळीच. "माझं तीर्थ साखरेला शिवतसुद्धा नाही! पोरांना काय शिकवता हो, मॅडम?"

हॉल खदखदला. दादाही हसला, धापा टाकत.

"चहातल्या साखरेत अल्डिहाइड गट जखडलेला असतो," बाई म्हणाल्या. "तो मोकळा होऊ शकला, तरच तांब्याचं हे निळं पाणी लाल होतं. लघवीतल्या साखरेत तो मोकळा होतो. द्राक्षाच्या साखरेतही."

त्यांनी बाबांच्याच प्रसादाच्या ताटलीतलं द्राक्ष तीर्थाच्या नव्या नळीत पिळलं, तापवलं. हिरवं. पिवळं. लाल.

"द्राक्षाला कुठला आजार होता, बाबा?"

"द्राक्षालाही मागच्या जन्माचं भोगावंच लागतं!" यावेळी लोक बाबांना हसले.

"म्हणजे आमच्या ह्यांची हिरवी..." कारकुनाची बायको उभी राहिली.

"त्यांना साखर कमी. ज्याची सगळ्यांत लाल, तो सगळ्यांत आजारी." बाई भावाकडे वळल्या. "झालं सिद्ध. चल, दादा."

दादानं मान टाकली होती. कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही. सगळे नळीकडे बघत होते, वहिनीसुद्धा.

बाबा मागच्या दारानं सटकले.

निष्कर्ष

तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. "तू मध्ये तोंड घातलंस म्हणून गुण गेला," दवाखान्याच्या जिन्यात वहिनी बाईंना म्हणाली. बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि भाऊ मेला होता.

तेव्हा, रंग बदलला की टाळ्या वाजवू नका. कशानं बदलला ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत सुई बंद करू नका.