मामांच्या हातातला वस्तरा

मी वस्तरा बोलतोय. माणसं मला घाबरतात. मी कुणाला घाबरतो, ते मात्र कुणी विचारत नाही. मी घाबरतो मला धरणाऱ्या अंगठ्याला.

मामांनी मला घेतलं तेव्हा ते नुकते कारागीर झाले होते. सगळं सलून त्यांना मामा म्हणे. हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे.

मग ते दाढी करता करता थांबून हात झटकू लागले, ओला हात झटकावा तसा. गिऱ्हाइकांना ती ऐट वाटली. मला खरं ठाऊक होतं. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अर्धी अनामिका बधिर होत होती, करंगळी तेवढी शाबूत. आणि मी कुणाच्या तरी गळ्यावर!

मामांनी मालकांना सांगून पाहिलं.

"मुंग्या आल्या म्हणून सुट्टी? उद्या कात्रीला सर्दी झाली म्हणाल!"

सगळे हसले. रक्त दिसल्याशिवाय दुसऱ्याचं दुखणं मानायचंच नाही, ही माणसांची कसली रीत?

एका सकाळी मालक स्वतःच खुर्चीत बसले. मान मागे टाकली. हनुवटीखाली मी केसभर निसटलो.

"मालक, हलू नका. वस्तरा हातात आहे की नाही, मला कळत नाहीये."

"अहो, मग उचला ना!"

"उचलतो. तुम्ही फक्त हसू नका."

गालावर साबण तसाच असताना सुट्टी मंजूर झाली.

डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं. "इथल्या अरुंद बोगद्यातून नस जाते. सूज आली की ती दबते. वेळेत आला असतात तर झोपताना पट्टा, मनगट सरळ ठेवून काम, मधे मधे विश्रांती, फार तर इंजेक्शन, एवढ्यावर भागलं असतं. आता अंगठ्याखालचं मांस झडलंय. शस्त्रक्रियाच करावी लागेल."

ती झाली. मुंग्या थांबल्या. स्पर्श पुरता परतेल का, ते कुणीच छातीठोक सांगत नाही. मी घरी खणात मिटून पडलोय.

बाबांनो, बोटं वारंवार बधिर होत असतील तर हात झटकून गप्प बसू नका. आणि कुणी तसं सांगितलं तर दात काढू नका.

मामांची बायको रोज त्यांना डोळे मिटायला लावते आणि हातात एकेक वस्तू देते. चमचा ते अंदाजाने ओळखतात. काल तिने मला दिलं.

"हे तर झोपेतही ओळखाल," ती म्हणाली.

मामांनी मला बोटांत फिरवलं. पुन्हा फिरवलं. कपाळावर घाम आला.

"कंगवा," ते म्हणाले.