राजे जेवतात तेव्हा

आमच्या घरी एक राजे आहेत. माझा धाकटा भाऊ. वय चौदा, बोलत नाहीत, चालत नाहीत आणि जेवतात फक्त माझ्या हातून. मी घास पुढे करायचा, जीभ टाळूला लावून 'टॉक' करायचं, की तोंड उघडतं. दुसऱ्या कुणाच्या टॉकला राजे बधत नाहीत. पोट भरलं की राजे माझ्याकडे बघून उलट 'टॉक' करतात. बास, जेवण संपलं. ही सवय मीच लावली, आठ वर्षांची असताना, गंमत म्हणून. आता भोगा!

मला दातांच्या कवळ्या बनवायच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. दोन वर्षं, वसतिगृहात. आईचं एकच पालुपद, "तू गेलीस तर हा उपाशी मरेल." खोटं नाही ते. मागे मी तीन दिवस तापाने पडले होते, तर राजेंना सलाइन लावावं लागलं.

शेवटी त्याच्या शाळेतल्या बाई मध्ये पडल्या. अशा मुलांच्या भावंडांचं ऐकून घेणं हेच त्यांचं काम. माझ्या बाजूने बोलणारं तेवढं एकच माणूस. त्यांनी आईला कबूल करायला लावलं: रविवारी आईने भरवायचं, वाटी संपली तर मी जायचं. "आणि तू दाराबाहेर. काहीही झालं तरी आत यायचं नाही," मला दम भरला.

रविवारी मी जिन्यात बसले. आत आईचं "आ कर रे सोन्या, आ कर" चालू. मग चमचा पडला. मग डोकं खुर्चीवर आपटल्याचा आवाज. एकदा, दोनदा. मेल्या, खा ना! एक दिवस खा! रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा आपटला आणि माझी जीभ टाळूला लागली.

टॉक.

"घेतला गं बाई, घेतला घास!" आई ओरडली. आनंदात ती एवढी बडबडत होती की तिला माझं काही ऐकू गेलं नाही. मग काय, प्रत्येक घासाला मी दाराआडून टॉक. म्हटलं आजचं निभावू दे, पुढचं पुढे बघू.

दार उघडलं. आईच्या हातात रिकामी वाटी, गालांवर पाणी. "दहा वर्षांनी माझ्या हातून जेवला गं. जा तू, खुशाल जा." तिने मला मिठी मारली. शेवटची कधी मारली होती, आठवतही नाही. खरं सांगायला हवं होतं. मी तिला आणखी घट्ट धरलं.

तिच्या खांद्यावरून राजे दिसत होते, हनुवटीवर भात. त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं, हसले आणि टॉक केलं.

आईचे हात माझ्या पाठीवर तसेच थांबले. मग ती बाजूला झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पाणी पाजायचं राहिलंय त्याला," ती म्हणाली आणि भांडं माझ्या हातात दिलं.