कडू घास

नगरच्या तांबट गल्लीत कुणी गेलं की निरोप धाडावा लागत नसे. हातोडे थांबत. तीस-चाळीस दुकानांची ठोकाठोक एकदम बंद पडली, की बायका चुलीवरचं पातेलं उतरवून दारात येत आणि विचारत, कोण गेलं? तिरडी गल्लीबाहेर पडेपर्यंत तांब्यावर घाव पडत नसे. जनाजा असला तरी तेच. पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं, दुकानांत मोबाईलची कव्हरं लटकू लागली. तांबट म्हणून राहिला एकटा कल्याण. वय साठ, स्वभाव तिखट, पण गल्लीतल्या प्रत्येक मयताला त्याचा हातोडा इमानानं गप्प बसे.

महिन्यापूर्वी समोरच्या माडीवर शिकवणी घेणारा रविराज त्याला म्हणाला होता, "काका, तुमच्या आवाजात पोरांना काही ऐकू येत नाही हो." एवढंच. याच गल्लीत वाढलेलं पोरगं ते. कल्याणच्या मात्र फार जिव्हारी लागलं. पुढच्या महिन्यात दुकान बंद, ऐरण मोडीत देतो, असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं. कुणीतरी "राहू द्या" म्हणेल म्हणून तो कान देऊन बसला. एकानंही म्हटलं नाही. ज्या गल्लीला आपण नकोत तिथं राहायचं तरी कशाला, असं त्याच्या मनानं घेतलं.

ठरल्या सोमवारी तो सकाळपासून हातोडा न उचलता दुकानात नुसता बसून राहिला. बारा वाजता मोडवाल्याचा टेम्पो येणार होता.

दहाच्या सुमारास चार माणसं मयताला जायच्या तयारीनं खांद्यावर टॉवेल टाकून दुकानापुढं उभी राहिली. पाठोपाठ गल्लीतल्याच, ऐंशीच्या पुढच्या मुबारकबी पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात तो कडू घास.

"कल्यान, कोन गेलं रे?"

"कुनी न्हाई गेलं, चाची. मी काम सोडलं. सांगितलं हुतं की."

"तू दर दिवाळीला सोडतो," त्या म्हणाल्या. "कोन खरं मानतंय?"

तेवढ्यात रविराज जिना उतरून आला. "काका, पोरांना सुट्टी दिलीय. मयत किती वाजता उचलायचंय?"

कल्याण त्याच्याकडे वळला. "अरे, तू बोललास म्हनूनच तर हातोडा थांबवला."

रविराज वरमला. "मी आपलं बोलून गेलो हो. खिडकी लावून घेईन ना."

कल्याणनं मोडवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याचा हात हातोड्याकडे गेला, तसं मुबारकबींनी टोपलं पुढं सरकवलं. कडू घास माघारी नेत नाहीत, आधी खा, म्हणाल्या. पहिल्याच घासाला त्याला रडू फुटलं. माणसं टॉवेल सावरून त्याच्याभोवती बसली. मयताच्या घरी कुणी रडलं तर त्याला लगेच गप्प करत नाहीत.