उत्तराच्या जागी बसलेला करडा चौकोन

मी करडा चौकोन बोलतोय. हो, तोच! कॉम्प्युटरवर एखादं पान उघडलं की खरा मजकूर यायच्या आधी दिसतो ना, एक बिनचेहऱ्याचा गोल आणि शेजारी तीन आडव्या पट्ट्या, तो मी. मला कुणी वाचत नाही. खरा मजकूर आला की मी मुकाट्यानं चालता होतो. बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तो रुमाल समजा हवं तर.

माझा जन्म हैदराबादचा, कुकटपल्लीतला. बाजार खुला होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागत होत्या. खाली पंपांचा कारखाना आणि वर वेबसाइट बनवणारी कंपनी, अशा एका इमारतीत रश्मी नोकरीला होती. शहरातल्या मराठी वधूवर मंडळाची साइट तिच्याकडे होती. माझ्याआधी त्या साइटवर पान उघडलं की अक्षरं पटकन यायची आणि मग फोटो वरून खाली सावकाश उतरायचा. आधी कपाळ, मग डोळे, बऱ्याच वेळानं मिशी.

"ये क्या है अम्मा, आधा आदमी?" तिचे मूर्ती सर वैतागले. "सब एक साथ आना. तब तक कुछ अच्छा दिखाओ."

म्हणून रश्मीनं मला घडवलं. फार मन लावून घडवलं हो! माझे कोपरे गोल केले, श्वास घेतल्यासारखं उजळायला आणि मंदावायला शिकवलं. आणि हुकूम दिला, की फोटोसकट सगळं पोचेपर्यंत जागचं हलायचं नाही. ऑफिसात इंटरनेटची लाइन जोरदार. मी दिसलो न दिसलो तोच नाहीसा झालो. "सुपर!" सर म्हणाले. माझी परीक्षा झाली ती तिथंच, त्या पळत्या लाइनवर. सगळी गोची तिथंच झाली.

आता रश्मीच्या वडिलांचं सांगतो. दिगंबरराव जामबागच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त. घर अंबरपेठेत. रश्मीनं चार-दोन स्थळं नाकारली होती आणि आई प्रमिलाबाई काळजीनं निम्म्या झाल्या होत्या. मग नांदेडहून समीर आई-वडिलांबरोबर तिला बघायला आला. गच्चीवर दोघं थोडा वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या शिल्पाला रश्मी सांगत होती, ते मी ऐकलं.

"अगं, मी काय काम करते ते त्यानं विचारलं. सगळे विचारतात. पण यानं पूर्ण ऐकलं, आणि वर आणखी विचारलं. मी बाबांना सांगून टाकलं, हो म्हणा."

"बापरे! तू हो म्हणालीस?"

"म्हणाले बाई. आता त्यांचं काय येतंय ते बघायचं."

असं लाल झालेलं तोंड मी तिचं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

नांदेडकर 'घरी बोलून कळवतो' म्हणून गेले. मंडळाच्या इंदुताई पूर्वी असले निरोप स्वतः घरोघर पोचवायच्या. पण साइट झाल्यापासून त्यांचा थाट वेगळा. "आता निरोपबिरोप काही नाही हं. ज्यानं त्यानं उत्तर साइटवर लिहायचं!"

आणि त्यांनी लिहिलं हो! त्याच आठवड्यात लिहिलं. दोन ओळींचा होकार, आणि प्रमिलाबाईंना लेकीच्या सासरची माणसं बघायला मिळावीत म्हणून सगळ्या कुटुंबाचा एक भलामोठा फोटो. ऑफिसात तो सहज उतरला असता. पण दिगंबरराव ते पान बघायचे अंबरपेठेत, अन्वरभाईंच्या इंटरनेट सेंटरवर. तिथली लाइन रांगायची. अर्धा फोटो येईतो तुटायची, पुन्हा लावली की पुन्हा तुटायची. दोन ओळी तर केव्हाच पोचलेल्या असायच्या, पण मला फोटोशिवाय हलायची परवानगी नव्हती. होकार माझ्या बुडाखाली, आणि मी वर बसून आपला उजळतोय, मंदावतोय.

दिगंबररावांना वाटलं, हा गोल म्हणजे नांदेडकरांसाठी राखून ठेवलेली जागा. लिहितील तेव्हा भरेल. आणि मुलाकडचं आल्याशिवाय मुलीकडच्यांनी आपला होकार लिहायचा नाही, ही त्यांची रीत. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे.

"अंकल, एक फोन मार लो ना," अन्वरभाई म्हणायचे. "कायकू परेशान होते?"

"नक्को भाई. लडकीवालों ने पीछे पडना अच्छा नहीं दिखता."

तिकडे नांदेडात त्यांचंही तेच चाललेलं. आपण लिहिलं, मुलीकडचे गप्प आहेत, म्हणजे नको असेल. पुन्हा विचारून मान कशाला घालवा?

घरी रश्मी विचारायची, "आलं का बाबा?" ते म्हणायचे, "अजून नाही गं." मी दिसतो, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. रिकाम्या जागेचं काय सांगायचं? आणि पोरीच्या हातात तर साइटच्या सगळ्या किल्ल्या होत्या. शिल्पा म्हणाली पण, "बघ ना उघडून." तर ही म्हणते, "कुणाच्या पानात डोकवायचं नाही म्हणजे नाही. आपल्यासुद्धा." इतका राग आला मला तिचा! अगं डोकव ना, एकदा डोकव!

असे दीड-दोन महिने गेले आणि एका संध्याकाळी ती घरी जाताना बाबांना घ्यायला सेंटरवर आली. दिगंबररावांनी हौसेनं बोट दाखवलं. "ही बघ जागा. इथं येणार त्यांचं उत्तर."

रश्मीनं मला पाहिलं. आपल्या हातचं काम ती ओळखणार नाही तर कोण? मागे काही येऊन अडकल्याशिवाय मी असा बसून राहत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, हे केव्हापासून असं दिसतंय?"

"पहिल्या दिवसापासून. का गं?"

"काही नाही."

सकाळी ऑफिसात तिनं पान उघडलं आणि मी चटकन बाजूला झालो. 'मुलगी मनापासून पसंत आहे. आपला होकार कळवावा, म्हणजे बैठकीला येतो.' फोटोच्या कडेला समीर हसत उभा. तिनं लगेच इंदुताईंना फोन लावला.

"समीर? अगं, त्याचा साखरपुडा झाला की रविवारी! तुमच्याकडून काहीच नाही म्हणून फार हिरमुसले होते बिचारे. तुलाच नको होता ना?... हॅलो? रश्मी?"

तिनं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. शिल्पा पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी ती सेंटरवर आली तेव्हा दिगंबरराव माझ्यासमोरच बसले होते.

"उठा बाबा. उत्तर आलंय. ऑफिसात बघितलं मी."

ते धडपडत उभे राहिले. "आलं? काय म्हणतात?"

रश्मीनं एकदा माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं तर हा माणूस स्वतःला दोष देत जन्मभर त्या खुर्चीत बसलेला राहील, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

"नाही म्हणतात, बाबा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असू दे. कळवलं तरी. माणसं सभ्य आहेत. मीच उगाच मनातल्या मनात बोल लावत होतो त्यांना." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नको मनाला लावून घेऊस." तिनं मान हलवली आणि त्यांना जिना उतरायला हात दिला.

नंतर रश्मीनं मला सुधारलं. आता अक्षरं आली की मी ताबडतोब बाजूला होतो, फोटो मागून येवो न येवो. लाइन तुटली तर माझ्याखाली 'फोन करा' अशी ओळ उमटते. पण ती मला आता मन लावून बघत नाही. दिगंबररावांची खुर्ची अन्वरभाईंनी दुसऱ्याला दिली.

माझी भावंडं आता पुष्कळ ठिकाणी बसलीत म्हणतात. तुम्हाला आम्ही दिसलो तर थोडं थांबा, पण आमच्या भरवशावर बसून राहू नका हो. उठा, फोन करा, दारात जाऊन उभे राहा, मान गेला तर जाऊ दे. मला 'येतंय' एवढंच म्हणता येतं. येऊन पडलेलं असलं तरी मी तेच म्हणतो.