पायाळूची लाथ

“आई, माझ्या लाथेने आजवर एकाची तरी उसण खरंच गेलीये का गं?”

प्रश्न माझा नाही, मैत्रिणींचा. मधल्या सुट्टीत पैज लागली, घरी जाऊन विचारलंस तर खरी! हल्ली मी कोणाला घाबरते? विचारलं.

आई मटार सोलत होती. “जाते की. तुझ्या लाथेने जाते की आपली आपण, ते कोण बघत बसलंय? माणूस वाकून येतो नि ताठ होऊन जातो. पुरे नाही का?”

बाबा पेपरामागून हसले.

सांगायचं राहिलंच. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं राहिलं मागे, आधी पायच बाहेर काढले. घाई, दुसरं काय! आणि पायाळू माणसाने पाठीत लाथ मारली की भरलेली उसण पळते, असं आमची अख्खी गल्ली मानते. त्यामुळे कळायला लागल्यापासून मी मोठ्या माणसांना लाथा मारत आलेय, तेही त्यांच्याच आग्रहावरून, वर शाबासकी घेऊन. असं भाग्य आमच्या वर्गात दुसऱ्या कोणाचं नाही.

तेवढ्यात दारात आवाज. “डॉक्टरीणबाई, आहात का? पुन्हा भरली बघा.”

खालच्या दुकानातले शिंपीकाका. गळ्यात टेप तशीच. माझा पहिला गणवेश त्यांनीच शिवलेला. दरवेळी आत भरपूर दुमड ठेवतात, “पोरगी उंच होणार” म्हणून.

“काका, एक चप्पल कुठेय?”

त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तसं. “आं? पडली वाटतं.”

चप्पल जिन्यात होती. ती उचलून आणली नि त्यांच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून चांगला दाबला. “कळतंय?”

“काय?”

मी आणखी जोरात दाबला, तरी ते तसेच. “कधीपासून असं होतंय?”

“असं म्हणजे? हां, मशीनचं पायडल हल्ली पायाला सापडत नाही. जुनं झालंय गं ते.” काकांनी नेहमीसारखी चौकट धरली नि पाठ माझ्याकडे केली. “हं, मार.”

मी पाय उचलला. तसाच खाली ठेवला.

“मी नाही मारणार.”

“अगं, असं काय करतेस?” आई म्हणाली. “एवढा जिना चढून आलेत ते!”

“ही उसण नाहीये, आई. त्यांना पायच कळत नाहीये. काका, दवाखान्यात जा ना.”

“चिरतील मला,” काका भिंतीकडे बघूनच बोलले. “जन्मभर कापड कापलंय मी. कात्री काय करते ते मला विचार. तू मार, बाळ. माझा तुझ्यावर भरवसा आहे.”

आता आली का पंचाईत! मारली असती तर ते खुशीत खाली उतरले असते नि पुन्हा मशीनवर बसले असते. मग पाय गेला असता, आणि पायाशिवाय शिंपीकाका कसले?

“मारीन,” मी म्हटलं. “पण डॉक्टरांनी पाय बघितल्यावर. तिथेच, दवाखान्याच्या दारात.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर!”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, गणवेश घट्ट शिवला असणार यांनी.”

काका हसले, नि हसताना कमरेत कळ आली म्हणून ओरडले, नि तरी हसतच राहिले. मग डोळे पुसत हळूच म्हणाले, “तू असशील ना पण?”

मी खाली बसले नि त्यांच्या पायात चप्पल चढवली. बोटं गार पडली होती. दोन्ही हातांनी चोळली. ते त्यांना कळलं नाही, पण मी चोळत राहिले.

“आई, बाबा, उद्या मी शाळेला दांडी मारणार आहे,” खाली बसूनच सांगून टाकलं.

“तू कशाला?” बाबांनी पेपर खाली ठेवला. “मी नेतो की त्यांना.”

“तुम्ही पण चला. पण मी जाणारच. त्यांचा भरवसा माझ्या पायावर आहे ना? मग पाय घरी ठेवून कसं चालेल?”