विहिरीतला ओटीपी

आमच्या थोरल्या दिरांना, म्हणजे हिंदुराव आबांना, कुणी फसवू शकत नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. बाजारात म्हणतात, डेअरीत दूध घालायला गेले तरी म्हणतात. "माणूस नुसता बघितला की मला कळतंय, ह्याच्या पोटात काय हाय." फोनवर माणूस दिसत नाही, एवढीच काय ती अडचण.

सणसरच्या रानात आमची सामाईक विहीर आहे. वाटेकरी तीन : आबा, माझे मालक दीपक आणि शेजारच्या रानाचे मकसूदभाई. मोटार एकच, पाणी पाळीनं. रानातली लाइट कधी येईल आणि कधी जाईल हे लाइटवाल्यांनाही माहीत नसतं, म्हणून तिघांनी वर्गणी काढून मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्या डब्यात सिमकार्ड घालतात. घरी बसून त्या नंबरला फोन लावला की मोटार सुरू होते, पुन्हा लावला की बंद. तिघांच्याही फोनमध्ये तो नंबर 'मोटार' या नावानंच आहे.

डब्यात सिम कुणाचं घालायचं, तिथं गाडी अडली होती. खिशाला खार लावून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा आबाच पुढं झाले. "माझ्याकडं हाय एक पडून," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आणून घातलंसुद्धा. ते आबांचं नव्हतंच. ते त्यांच्या मंडळीचं, म्हणजे माझ्या जाऊबाईंचं होतं. त्यांचं नाव ठमाबाई, मी आक्का म्हणते. लेकीनं, उत्कर्षानं, पुण्याहून नवा मोबाईल नव्या नंबरासकट आणून दिल्यावर आक्कांनी जुना मोबाईल कपाटात जपून ठेवला होता. आबांनी त्यातलं सिम काढलं, मोबाईल होता तसा ठेवला आणि आक्कांना सांगायचं काही कारण त्यांना दिसलं नाही.

पण आक्कांचं बँकेचं खातं त्या जुन्याच नंबराला जोडलेलं होतं आणि त्या खात्यात गिरणीचे पैसे होते.

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. आमच्या वस्तीवरून दळणाचा डबा घेऊन गावात जायचं, तिथं नंबर लावायचा, नंबर आला की लाइट जायची, हे आक्कांनी लग्न झाल्यापासून केलेलं. आपल्या दारात आपली गिरणी असावी, एवढी एकच हौस त्या बाईनं धरली. करडं विकली, भिशी उचलली, दुधातले चार पैसे बाजूला टाकले. इंदापूरला एका दुकानात गिरणी पसंत करून ठेवली होती. ते पैसे गेले असते तर पुन्हा जमवायचं आक्कांचं वय राहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर आबा आणि माझे मालक लाइटची वाट बघत चहा पीत बसले होते. पाळी आबांची होती. आक्का गोठ्यात धारा काढत होत्या.

"मागच्या आठवड्यात एक चोर धरला मी," आबा बशी खाली ठेवत म्हणाले. "फोनवर."

"कसा काय?" मालकांनी विचारलं.

"म्हणला, ऊसवाल्यांना अनुदान हाय, केवायसी करायची हाय. बाईमाणसाच्या नावावर केली तर दुप्पट. मी म्हणलं, मग करा मंडळीच्या नावावर. आधारचा नंबर दिला, खात्याचा दिला, तिच्या जुन्या मोबाईलचा दिला, एटीएमच्या कार्डावरचा दिला..."

"आबा!" मी उंबऱ्यातूनच ओरडले. "कार्डावरचा नंबर दिला?"

"आगं ऐक की पुरतं. शेवटी म्हणला, आता ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा. तितं वळखला मी त्याला! ओटीपी कुणाला द्यायचा न्हाय, येवढं कळतंय मला. म्हणलं, बाबा, ओटीपी विहिरीत हाय."

माझ्या मालकांना चहाचा ठसका लागला. आबांना तेवढंच पाहिजे होतं.

"त्यो म्हणला, विहिरीत कसा? मग सांगितलं त्याला सगळं इस्कटून. सिम मोटारीच्या डब्यात हाय, डब्याला कुलूप हाय, तितं कोण मेसेज बघत न्हाय का वाचत न्हाय. बस म्हणलं बोंबलत! गप फोन ठेवला त्यानं."

घराला कुलूप लावलंय हे सांगताना घरात कुणी नाही हेही चोराला सांगायचं, आणि वर मिशीवर ताव मारायचा! मला असा संताप आला की हातातलं लाटणं मी खाली ठेवलं. थोरल्या दिरांसमोर हातात लाटणं बरं दिसत नाही.

"आक्कांना सांगितलंत का हे?"

"तिला कशाला? जुनंच सिम हाय ते. आन् ओटीपीबिगर काय बी हुत न्हाय, पोरी."

तेवढ्यात लाइट आली. आबांनी मोटारीला फोन लावला. स्पीकरवर, नेहमीसारखा. मोटार सुरू झाली की त्या डब्यातली बाई गोड आवाजात 'मोटर चालू झाली आहे' असं सांगते आणि आबा दरवेळी तिला "बरं बाई" म्हणतात. आक्कांना या जन्मात ते कधी बरं बाई म्हणालेले नाहीत.

आज फोन वाजला आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "हॅलो?"

आबांनी फोन कानापासून लांब धरून बघितला. वर 'मोटार' असंच लिहिलेलं होतं.

"कोण हाय?" आबांनी विचारलं.

"आप बोलिए, कौन?"

"मोटार हाय का?"

"कौन सी मोटर?"

"आमची. विहिरीवरली."

फोन कट झाला. आबा माझ्या मालकांना म्हणाले, "दीपक, बाई गेली. बाप्या आलाय."

मालकांनी आपल्या फोनवरून लावून बघितला. तोच आवाज. तोवर मकसूदभाई रानातून मोटरसायकल हाणत आले आणि दारातूनच ओरडले, "आबा, मोटार हिंदीत बोलतीया! लाइट आली आन् पाणी पडंना, म्हणून मी लावला फोन. मला इचारती, कहाँ से बोल रहे हो?"

"मग तू काय म्हणलास?"

"म्हणलं, सणसरवरनं. पाळी आबांची हाय, तुमी चालू व्हा."

मला हसू यायला पाहिजे होतं, पण आबांचा तो विहिरीतला ओटीपी आठवला. "आबा, आक्कांचा नंबर चोरीला गेलाय," मी म्हणाले.

"डब्याला कुलूप हाय," आबा म्हणाले.

"सिम डब्यातच असेल. नंबर गेलाय. कुणीतरी आक्कांच्या नावाची खोटी कागदं दाखवून त्याच नंबराचं दुसरं सिम काढलंय. दुसरं सुरू झालं की पहिलं मेलं. आता खात्याचे सगळे मेसेज, तुमचा तो ओटीपीसुद्धा, त्याच्या हातात जाणार."

"आन् कंपनीनं आपल्याला इचारायचं न्हाय व्हय?" मकसूदभाई म्हणाले.

"विचारलंच असेल. मेसेज येतो ना, तुम्ही सिम बदलायला सांगितलंय का, नसेल तर कळवा म्हणून. तो मोटारीला आला असणार."

मोटारीला वाचायला शिकवायचं राहून गेलं होतं.

दुधाची बादली घेऊन आक्का आल्या. "काय झालंय? सगळी अशी तोंडं पाडून का बसलाय?"

सांगावं लागलं ते मलाच. आक्का आधी हसल्या. "माझं सिम तर कपाटात हाय की," म्हणाल्या आणि पलीकडं आपल्या घरात गेल्या. जुना मोबाईल घेऊन आल्या, पाठीवरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं. मग त्यांनी आबांकडं बघितलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला आक्कांचं वाईट वाटलंच, पण खरं सांगते, त्या घटकेला आबांचंही वाटलं.

"माझी गिरणी," आक्का एवढंच म्हणाल्या.

मी त्यांचं एटीएम कार्ड मागून घेतलं आणि कार्डाच्या पाठीमागं छापलेला बँकेचा नंबर लावला. गुगलवर शोधायला जाऊ नये, तिथंही चोरच भेटतात, हे उत्कर्षानं आम्हाला बजावून ठेवलंय. बँकेचं यंत्र म्हणालं, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबल्यावर ते हिंदीतच बोलायला लागलं. आक्का त्याला म्हणाल्या, "बाई, घाई हाय गं जरा." यंत्रानं गाणं लावलं.

इकडं पुरुषांनी युद्ध पुकारलं होतं. "त्याला रिकामा बसू द्यायचा न्हाय!" आबांनी हुकूम सोडला. "फोन लावत ऱ्हायचं. त्यो फोनवर गुतला की पैसं कवा काढंल?" मग तिघांनी पाळी लावली. पाण्याची पाळी आमच्यात भांडणाशिवाय एकदाही पार पडलेली नाही, पण ही पाळी अगदी शिस्तीत चालली. आबांनी लावला की मालकांनी, मालकांनी लावला की मकसूदभाईंनी.

"आरं चालू हो की, ऊस वाळाया लागलाय माझा!" आबा ओरडत होते.

मकसूदभाईंचा स्वभाव गोड. ते म्हणत होते, "भाईसाब, आप को घर में माँ है की नहीं?"

माझे मालक काय बोलत होते ते मी इथं लिहीत नाही.

इतक्यात गाणं थांबलं आणि बँकेतली मुलगी बोलायला आली. खातेदार कोण, तिनं विचारलं. आबा लगेच पुढं सरकले. आक्कांनी हातानं त्यांना मागं सारलं आणि फोन आपल्या तोंडापाशी घेतला.

"मी हाय. माझं खातं हाय."

"जन्मतारीख?"

"एक जून." आमच्याकडं गुरुजींनी शाळेत घातलेल्या सगळ्या पिढीची जन्मतारीख एक जून आहे. त्या मुलीलाही सवय असावी.

"आईचं नाव?"

"कुशाबाई."

मुलगी म्हणाली, कार्ड बंद केलंय, खात्यावरचे मोबाईलचे सगळे व्यवहार बंद केलेत. आक्कांनी विचारलं, "आन् पैसं?" ती टाइप करत होती ते ऐकू येत होतं. आबांचाही फोन हातात तसाच राहिला.

"सगळे आहेत आजी. काही गेलेलं नाही."

आक्का तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पदरानं डोळे पुसले आणि लगेच १९३० लावून सायबरवाल्यांकडं तक्रार नोंदवली. रडायला काय, नंतरही वेळ मिळतो.

दुपारी सगळे बारामतीला गेलो. आधी सिमच्या कंपनीच्या दुकानात. तिथल्या मुलीनं चोराचं सिम बंद करायला घातलं आणि सांगितलं, की सिम बदललं की पहिले चोवीस तास त्यावर मेसेज येत नाहीत, तसा नियमच आहे. म्हणजे चोर सिम घेऊन बसला होता, ओटीपीची वाट बघत. "तुम्हाला लगेच कळलं म्हणून वाचलात," ती म्हणाली. "लोक नेटवर्क गेलंय म्हणून दोन दोन दिवस गप्प बसतात."

"आन् आमी फोन लावून लावून त्याला बेजार केला, त्याचा काय उपेग झाला आसंल की?" आबांनी विचारलं.

"नाही आजोबा. फोन चालू असला तरी मेसेज येतोच."

आबांनी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. सणसरमध्ये आजही तिघांनी मिळून चोर कसा हैराण केला हेच सांगितलं जातं. मधली बायकांची गोष्ट सांगायला वेळ पुरत नाही.

मग बँकेत गेलो. साहेबांनी अर्ज पुढं ओढला आणि विचारलं, "खात्याला नवीन नंबर कुठला घालायचा?"

आबांनी सवयीनं आपला नंबर सांगायला सुरुवात केली. "नव्याण्णव बावीस..."

"ह्यांचा नको सायेब," आक्का म्हणाल्या. "ह्यांच्याशी कोण गोड बोललं की हे देऊन मोकळं हुत्यात." आणि उत्कर्षानं दिलेल्या फोनचा नंबर त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगितला.

साहेब खाली मान घालून हसले. मीही हसले असते, पण आबांचं तोंड बघवेना. बाहेर आल्यावर ते गाड्यांच्या गर्दीत थांबले आणि म्हणाले, "मला वाटलं, तुझं म्हंजी आपलंच."

"आपलंच हाय," आक्का म्हणाल्या. "पर आपलं आसलं तरी इचारून घ्यायचं आसतंय."

घरी येईपर्यंत मग आबा एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही इंदापूरला गिरणी आणायला गेलो. आक्कांनी ती दोनदा चालू करून बघितली, जात्यावर हात फिरवला, मग फोन काढला आणि पैसे पाठवायला घेतले. मेसेज आल्याचा आवाज झाला. आबा खांद्यावरून डोकावत होते.

"तोंड तिकडं करा," आक्का म्हणाल्या.

आबा मुकाट्यानं वळले आणि रस्त्याकडं बघत उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ दुकानदारही वळला.