कुरडईखालचं पांढरं

तो कागद कोराच होता. तळहाताएवढा, गोल, धुराड्यातली धूळ टिपायचा गाळणकागद. आज तो वर चढून काळा होऊन उतरायचा, पण नागपूरहून चाचणीवाले आलेच नाहीत, बुटीबोरीला गाडी बिघडली म्हणे... आणि धनंजय लोखंडाच्या कारखान्यातल्या त्या प्रयोगशाळेत उठत होता, खिडकीशी जात होता, पुन्हा त्या कागदासमोर येऊन बसत होता. प्रदूषण मंडळाला जायचा अहवाल टेबलावर तयार होता. मोजणीची तारीख आजची, आकडा मागच्या वेळचा. "सही करून टाका. ते नाही आले, त्यात आपला काय दोष?" मॅनेजर सकाळीच सांगून गेले होते.

खरंच, काय दोष? एक सही तर करायची, कोणाच्या बापाचं काय जातं — पण दुपारपासून लीलाबाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

लीलाबाई त्याची घरमालकीण. घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच. धूळ पकडणारं यंत्र वीज फार खातं म्हणून एरवी बंद, मोजणीच्या दिवशी तेवढं चालू. गावातल्या बायकांनी हे केव्हाच हेरलेलं, त्यामुळे पापड, कुरड्या, मिरच्या, सगळं वाळवण मोजणीच्या दिवशी. पंचांगात नसलेला हा मुहूर्त धनंजयने सांगायचा. आणि काय मिजास वाटायची मला ह्या मुहूर्ताची, त्याच्या मनात आलं! तारीख आधी मला कळते, मी ती हळूच घरी नेतो, बाया दुवा देतात... साऱ्या गावावर उपकारच की. लीलाबाईची मुलगी अंजू जाम गावी दिलेली, लग्न आठवड्यावर आलेलं, रुखवतातल्या कुरड्या राहिलेल्या. काल तोच म्हणाला होता, मावशी, उद्या टाका बिनधास्त.

यंत्र आज लावलंच नाही. चाचणीवालेच नाहीत तर कोणासाठी लावतील?

जेवायला गेला तेव्हा ती अंगणात जुन्या धोतरापाशी बसली होती. धोतरभर कुरड्या, सगळ्या राखाडी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हीच त सांगतलं होतं, आज मोजनी हाय म्हनून. मंग धूर काऊन सोडला जी?"

"मावशी, ते लोक आलेच नाहीत..."

"थे नाई आले. तुम्ही त होते."

मग तिने एक कुरडई सोलून काढली. खाली धोतर तेवढंच गोल पांढरं राहिलेलं, भोवती सगळीकडे काजळी. त्याने वाकून त्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "लगन काही थांबत नाई," ती म्हणाली, "पुढची मोजनी कधी हाय, थे तरी सांगजा." आणि सवयीने त्याचं तोंड उघडलंसुद्धा, नेहमीच्या त्या मोठेपणाने... मग त्याला लाज वाटली. तो न जेवताच परत आला.

बोटाला काजळी अजून होती. पँटला पुसली तरी जाईना. त्याने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तारीख तर खरीच आहे, खोटा आहे तो आकडा, त्याला वाटलं. आज मोजणी झाली, धोतरावर झाली, आणि ती बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बाहेर धूर सरळ वर जात होता... सरळ कसला, गावाकडेच वळत होता, आणि एवढी वर्षं ह्याच खिडकीतून तो मला दिसत होता.

तुम्ही त होते.

होतो मावशी. मी रोजच होतो.